सातव्या मजल्यावरची दुसरी वाटी

धर्मपाल रामटेके यांना राग येतो, असं म्हणणं तितकंसं अचूक नाही. येणारी गोष्ट आधी दुसरीकडे कुठंतरी असते. रामटेक्यांचा राग त्यांच्याच घरी राहतो, त्यांच्याबरोबर सकाळी साडेपाचला उठतो आणि दात घासून दोघं एकदमच बाहेर पडतात.

ते रेल्वेत खानपान निरीक्षक होते. एकतीस वर्षं. डोंगरगढपासून बिलासपूरपर्यंत फलाटावरचे स्टॉल, कँटीन, गाडीतली पॅन्ट्री, जिथं म्हणून पातेलं चढतं तिथं जाऊन नाराज व्हायचं आणि ती नाराजी तीन प्रतींत लिहून द्यायची, हे त्यांचं काम. असमाधानी राहण्याबद्दल दरमहा पगार मिळतो अशा नोकऱ्या जगात थोड्या. साहित्याच्या समीक्षकांनासुद्धा तो मिळत नाही. रामटेक्यांना मिळाला आणि त्यांनी त्याचं चीज केलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. समोरच्या दारानं कधी जायचं नाही. मागच्या दारानं आत, कुणाला न विचारता. आधी कचऱ्याचा डबा बघायचा, मग आचाऱ्याची नखं, आणि सगळ्यात शेवटी अन्न. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी एक थर्मामीटर असे. ताप बघायचा नव्हे, भाजीत खुपसायचा, सुईसारख्या टोकाचा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी तो खिशातून निघालेला नाही. रायपुरातल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, लग्न असलं आणि रामटेके बुफेपाशी उभे राहिले की केटररवाले आपसूक झाकणं लावू लागतात.

एक नियम मात्र त्यांना नोकरीनं शिकवला नव्हता, फक्त लिहून दिला होता. गिऱ्हाइकाच्या ताटावरून परत आलेलं काहीही, हात लागलेला असो वा नसो, पुन्हा वाढायचं नाही. फेकायचं, आणि आपल्या डोळ्यांदेखत फेकायचं. नियमावलीत हे एका ओळीत होतं. रामटेक्यांच्या घरात ते छप्पन्न सालापासून होतं. त्याआधी त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात, लग्नाच्या पंगती उठल्या की मांडवामागे टोपली घेऊन बसत. दीक्षा घेऊन सगळे नागपूरहून परतले त्या दिवशी आजीनं ती टोपली चुलीत घातली आणि तिच्या जाळावर पाणी तापवून घरातल्या प्रत्येकाला आंघोळ घातली. रामटेके ही गोष्ट सांगत नाहीत. मला ती मीराबाईंनी सांगितली.

मीराबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांच्या मटणाच्या रश्श्यावर शेजारच्या चार घरांना रविवार कळायचा. इतक्या वर्षांत रामटेक्यांनी त्यांच्या स्वयंपाकाला एकदाच नाव ठेवलं. चौऱ्याण्णव साली. वरणात थर्मामीटर घालून ते म्हणाले होते, "चोपन्न डिग्री." मीराबाई पुढचे नऊ दिवस बोलल्या नाहीत. दहाव्या दिवशी त्यांनी उकळतं वरण वाढलं आणि विचारलं, "आता घाला." तेव्हापासून तो थर्मामीटर घराच्या उंबऱ्याबाहेर नोकरी करतो.

गेल्या वर्षी मीराबाईंच्या घशात गाठ निघाली. रेडिएशनच्या पस्तीस फेऱ्या झाल्या. गाठ गेली आणि तिच्यामागोमाग चवही गेली. डॉक्टरांनी गाठीबद्दल अभिनंदन केलं. चवीबद्दल म्हणाले, येईल हळूहळू. त्या 'हळूहळू'ला सात महिने झाले होते. तिखटाचा कण लागला तरी जीभ भाजायची. भाकरी-पोळी घशाला चिकटायची, आणि जे गिळता यायचं ते सगळं लोखंडासारखं लागायचं.

"उरल्याच्या कारखान्यांच्या इतक्या जवळ राहतो आपण. लोखंड लागणारच," रामटेके म्हणाले. हा विनोद होता हे त्यांच्या चेहऱ्यावरून कुणालाच कळलं नाही, आणि मीराबाईंना कळूनही हसू आलं नाही.

पेज झाली, मुगाचं पाणी झालं, दलिया, केळं, साबुदाण्याची खीर, आईस्क्रीम. सगळ्याचे दोन चमचे व्हायचे आणि मग वाटी बाजूला सरकायची. चोपन्न किलोच्या बाई साडेअडतीसवर आल्या. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "येत्या मंगळवारी वजन करू. अडतीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यातूनच जेवण." वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईची नळी मीराबाईंनी बघितली होती. घरी येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "नळी नको मले. तसंच राहू द्या."

हे शुक्रवारचं. रविवारी मुलाचं कूपन होतं.

मुलगा अश्विन उरल्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इंजिनियर आहे. त्याच्या शिफ्टमध्ये वर्षभरात एकही अपघात झाला नाही म्हणून कंपनीनं बक्षीस दिलं. एका मोठ्या हॉटेलच्या सातव्या मजल्यावर चौघांचं दुपारचं जेवण. तापलेल्या लोखंडाच्या सळ्या धावतात तिथं तीनशे पासष्ट दिवस सगळ्यांची बोटं शाबूत राहणं ही साजरी करण्यासारखीच गोष्ट आहे. ती जपानी-फ्रेंच पद्धतीनं साजरी करावी हे मात्र कुणाला सुचलं, ते कळलेलं नाही.

"फुकटचं काहून खायचं?" रामटेके म्हणाले.

"बाबा, फुकट कसलं? अवॉर्ड है," अश्विन म्हणाला. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देताना तो अर्ध्या वाटेवर हिंदीत उतरतो. "तारीख फिक्स है. आज नहीं गए तो लॅप्स."

"वाया जाईल ना," मीराबाई म्हणाल्या. "चला. मी नुसती बसून राहीन."

त्या रेस्टॉरंटचं नाव अर्धं फ्रेंच आणि अर्धं जपानी होतं. त्यामुळे ते दोन्ही भाषांत अपुरं पडत होतं. पाऱ्यातले लोक त्याला 'सातवा माळा' म्हणतात, ते सोयीचं आहे. आत दिवसाढवळ्या अंधार केला होता आणि त्या अंधारात दिसावं म्हणून दिवे लावले होते. टेबलाशी काळा एप्रन घातलेला एक तरतरीत माणूस आला. छातीवर यशदीप असं नाव. तो तिथला मॅनेजर.

"वेलकम सर. आज आपके लिए सात कोर्स का एक्सपीरियन्स है."

"आन् जेवण?" रामटेक्यांनी विचारलं.

"वही है सर."

भुकेल्या माणसाला अनुभव वाढण्याची ही कल्पना कोणत्या देशातून आली, हे मेनूकार्डावर दिलेलं नव्हतं. बाकी पुष्कळ दिलं होतं. एक फोटोही होता, हातांची घडी घातलेल्या शेफचा. हे शेफ तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या शहरातून विमानानं येतात, अनुभव आखून देतात आणि जातात.

पहिला कोर्स आला तो पाट्यावर. पाटा म्हणजे खरंच पाटा, काळ्या दगडाचा, ज्यावर आपल्याकडे अर्धा किलो मसाला वाटता आला असता. त्यावर काकडीची एक चकती, चकतीवर बोटभर तपकिरी काहीतरी, त्यावर एक फूल. रामटेक्यांनी पाटा उचलून खाली बघितलं.

"सर, कुछ चाहिए?"

"बाकीची काकडी पायजे."

यशदीप हसला. त्याला हसायचं शिकवलं होतं.

"तक्रार वही कुठं हाय तुमची?"

"सर, क्यूआर कोड है. टेबल पे ही है. स्कॅन कर दीजिए."

"मी वही विचारून राहिलो, भाऊ. तू मले चौकोन दाखवून राहिला."

"बाबा," अश्विन दबक्या आवाजात म्हणाला, "मेरे ऑफिस के लोग भी आते हैं यहाँ."

दुसऱ्या कोर्सात माशाचा एक काप टेबलाशीच बंदुकीसारख्या शेगडीनं एका बाजूनं जाळण्यात आला. दुसरी बाजू कच्चीच ठेवण्यात आली. त्यावर यशदीपनं त्या माशाचा इतिहास सांगितला. मीराबाईंनी काकडीला चमचा लावला, माशाकडे बघितलं आणि दोन्ही वेळा हात मांडीवर घेतले. दोन्ही वेळा त्यांची ताटली तशीच परत गेली. दोन्ही वेळा नेणाऱ्यानं विचारलं, "एन्जॉय कर रहे हैं मॅम?" सून शर्मिष्ठा म्हणाली, "आई, घरी गेल्यावर मी पेज करते." मीराबाईंनी मान हलवली. कशासाठी हलवली ते कळलं नाही.

तिसरा कोर्स झाकणाच्या चिनी मातीच्या वाटीत आला. लहानशी वाटी, बोट टेकवता येऊ नये इतकी गरम. झाकण काढलं तर आत खरवसासारखं, पण खरवसापेक्षा मऊ, वाटी हलली की थरथरणारं पिवळसर काही. यशदीप म्हणाला, हे चावानमुशी. अंडं आणि जपानी रस एकत्र करून वाफेवर धरलेलं, वर फ्रेंच लोण्याचा थेंब.

रामटेक्यांनी थर्मामीटर काढून खुपसला. चौसष्ट. चव बघितली. बोट ठेवायला काही सापडत नव्हतं. एकतीस वर्षांत हे त्यांच्या बाबतीत दोन-तीनदाच झालं असेल, आणि प्रत्येक वेळी त्यांना ते मनाला लागलं होतं. त्यामुळे त्यांनी उरलेलं तीन चमच्यांत संपवलं आणि म्हणाले, "हे काय, लहान लेकराचा डोस हाय का?"

अश्विननंही संपवलं होतं, शर्मिष्ठानंही. आणि मग शर्मिष्ठानं अश्विनच्या कोपराला बोट लावलं.

मीराबाई खात होत्या.

एक चमचा. थांबल्या. जिभेवर धरून बघितलं. दुसरा. मग तिसरा, चौथा. आपण बघतोय असं कुणी दाखवलं नाही. तिघंही रिकाम्या वाट्यांत चमचे फिरवत बसले. मीराबाईंचा चमचा तळाला लागला आणि खरवडल्याचा बारीक आवाज आला. सात महिन्यांत त्या घरात तो आवाज झाला नव्हता.

"लोखंड नाही लागत," त्या म्हणाल्या. आणि मग, "अजून हाय का?"

रामटेक्यांनी आपल्या वाटीकडे बघितलं. तीन चमचे. त्यांनी मला नंतर सांगितलं की आयुष्यात इतका पश्चात्ताप त्यांना दुसऱ्या कुठल्या खाण्याचा झाला नाही.

"यशदीप भैया," अश्विननं हाक मारली, "एक और मिलेगा? मम्मी के लिए."

"सॉरी सर. इसमें रिपीट नहीं होता."

"मतलब?"

"सर, पूरा मेनू एक फ्लो में डिज़ाइन किया है. एक गेस्ट, एक पोर्शन. अब नेक्स्ट पॅलेट क्लीन्ज़र आएगा. बीच में कुछ रिपीट किया तो जर्नी टूट जाती है."

"हम एक्स्ट्रा दे देंगे ना."

"सर, पैसों की बात नहीं है."

"मंग कायची बात हाय?" रामटेक्यांनी विचारलं.

यशदीपला एकच उत्तर माहीत होतं, ते तो पुन्हा तसंच म्हणाला. फ्लो, पोर्शन, जर्नी. मुलगा वाईट नव्हता. त्याला एक नियम देण्यात आला होता, आणि त्या नियमापुढे माणूस बसलेला असेल ही शक्यता शिकवणीत नव्हती.

इथं माझंही थोडं ऐकून घ्यावं. आमच्या विदर्भातल्या पंगतीत माणूस 'पुरे' म्हणाला की वाढणाऱ्याला 'दोन' ऐकू येतं. पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून वाढतात. याला कुणी मागासलेपण म्हणेल, मी भांडणार नाही. पण जेवणाऱ्यानं तोंडानं 'अजून' म्हणावं आणि वाढणाऱ्यानं 'नाही' म्हणावं, तेसुद्धा स्वयंपाकघरात अंडी असताना, गॅस असताना, हात असताना, हे मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं. जगातल्या दोन थोर पाककलांचा संगम करायला निघालेल्या लोकांनी कोणत्याही एका देशातल्या आईला विचारलं असतं तरी चाललं असतं.

"सात महिन्यांत हिनं वाटी संपवली नाही," रामटेके म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. घरच्यांना तो चढलेला परवडतो. "मंगळवारी नाकातून नळी टाकणार हायेत. तू मले जर्नी सांगून राहिला?"

यशदीपचा चेहरा उतरला. "सर, मैं... एक मिनट. मैं देखता हूँ."

तो गेला आणि खरोखरच एका मिनिटात परत आला, खुशीत, हातात झाकणाची वाटी घेऊन. "मॅम, आपके लिए. कॉम्प्लिमेंटरी."

मीराबाईंनी चमचा उचलला. रामटेक्यांनी झाकण काढलं आणि ते थांबले. झाकणाच्या आतली वाफ सुकून गेली होती. वरचा थर कडेनं आकसला होता. त्यांनी थर्मामीटर घातला. छत्तीस.

"कोण्या टेबलाहून आली ही?"

"सर?"

"बारा मिन्टांचं काम एका मिन्टात कसं होते? कोण्या टेबलाहून परत आली?"

"नौ नंबर, सर. वो मॅडम अंडा नहीं खातीं. टच भी नहीं किया सर, ढक्कन भी नहीं खुला. वैसे भी फेंकना ही था, तो मैंने सोचा..."

तो जे बोलला ते चांगल्या मनानं बोलला. म्हणूनच त्याला मध्ये तोडायला कुणाला सुचलं नाही.

"बाबा," अश्विन म्हणाला, "साफ है. मम्मी को खाने दो. प्लीज़."

"आई, थोडं घ्या ना," शर्मिष्ठा म्हणाली. "मंगळवारी वजन आहे."

आता रामटेके काय करतील याबद्दल त्या टेबलावर कुणाला शंका नव्हती. डोंगरगढच्या एका कँटीनवाल्याची अख्खी भाजी त्यांनी एका परतलेल्या पुरीपायी नाल्यात ओतायला लावली होती. अश्विननं डोळे मिटून घेतले. पण रामटेक्यांनी थर्मामीटर रुमालानं पुसला, खिशात ठेवला. वाटीकडे बघितलं. बायकोच्या मनगटाकडे बघितलं. तिथली बांगडी आता कोपरापर्यंत चढायची.

"खाय तू," ते म्हणाले. "मी काही म्हणत नाही."

मीराबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग त्यांनी चमचा वाटीशेजारी ठेवला आणि वाटी दोन बोटांनी यशदीपकडे सरकवली.

"तुम्ही नाही म्हणत, पण मी म्हणते," त्या म्हणाल्या. "बेटा, हे घेऊन जा. दुसऱ्याच्या पानावरचं मी खात नाही. माह्यासाठी केलेलं पायजे. गरम." आणि सात महिन्यांनी त्यांचा आवाज खणखणीत लागला. "इतकी अंडी हायेत तुमच्याकडे, अन् एका बाईले एक वाटी करून देता येत नाही? लाज नाही वाटत?"

शर्मिष्ठा मला नंतर म्हणाली, "आईंना राग आला ना, तेव्हा मला बरं वाटलं. आजारी माणसाला राग येत नाही."

रामटेके उठले. यशदीपला वाटलं, ते चालले. ते चाललेच होते, पण बाहेर नाही. टेबलांच्या मधून, सुशीचा काउंटर ओलांडून, गोल काचेचं झुलतं दार ढकलून ते सरळ स्वयंपाकघरात गेले. कुणाला न विचारता.

आत नऊ-दहा माणसं कामात होती. रामटेक्यांनी आधी कचऱ्याचा डबा बघितला. सवयीनं. डब्याकडे बघणारा अनोळखी माणूस कोण असतो हे जगातल्या सगळ्या स्वयंपाकघरांना माहीत असतं. कुणीतरी पुटपुटलं, "फूड डिपार्टमेंट," आणि एकाच वेळी चार जणांनी टोप्या सरळ केल्या.

"मी रिटायर्ड हाय," रामटेके म्हणाले. पण ते ज्या स्वरात म्हणाले, त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

"सर! सर, गेस्ट अलाउड नहीं है," यशदीप मागून धावत आला.

"ते अंड्याचं कोणी केलं?"

फोटोतले शेफ तिथं नव्हते, त्यामुळे श्रेय किंवा दोष घ्यायला पुढं कोण येणार, हा प्रश्नच होता. वाफेच्या पेटीपाशी उभा असलेला एक पन्नाशीचा माणूस हात पुसत पुढं झाला. हिरालाल. बीरगांवचा. त्याच्या एप्रनवर नाव शिवलेलं नव्हतं.

"मंय बनाय हंव, साहब."

रामटेक्यांनी त्याचे हात बघितले. नखं स्वच्छ होती. हे त्यांनी मला नंतर तीनदा सांगितलं.

"एक अऊ चाही," रामटेक्यांनी त्याच्याच छत्तीसगढी बोलीत आणखी एक मागितली. रायपुरात चाळीस वर्षं काढली आहेत. "ताजा."

"कोन खाही?"

"मोर घरवाली. सात महीना ले कुछू नइ खाय हे. तोर बनाय खा डारिस."

हिरालालनं यशदीपकडे बघितलं नाही. नियमाबद्दल विचारलं नाही. त्यानं एक अंडं उचललं, फोडलं, बघितलं, वास घेतला. "बारा मिनट लागही," तो म्हणाला.

"लागू दे."

"हिरालाल भैया, शेफ को पता चला तो..." यशदीप म्हणाला.

"त बता देबे," हिरालाल म्हणाला. अंडं फेटताना त्यानं हात उंचावला नाही. फेस होऊ द्यायचा नसतो. मग गाळणीतून गाळलं. रामटेके शेजारी उभे राहून बघत होते, आणि हिरालाल त्यांना न विचारताच सांगत होता. एक भाग अंडं, तीन भाग रस. झाकणाला फडकं बांधायचं, म्हणजे पाणी आत टपकत नाही. आच मंद, नाहीतर जाळी पडते. मिरची यात काहीच नाही, घाबरू नका.

ही कृती त्या रेस्टॉरंटचं गुपित होतं, असं मेनूकार्डावर लिहिलं होतं. ते हिरालालला कुणी सांगितलं नसावं.

बारा मिनिटं रामटेके पेटीजवळून हलले नाहीत. यशदीप दारात उभा राहून एकदा बाहेर, एकदा आत बघत होता. शेवटी त्यानंच एक स्वच्छ बशी आणून ठेवली. वाटी त्या बशीत घेऊन रामटेके बाहेर निघाले. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी वाढलेलं तपासलं होतं. स्वतःच्या हातानं कुणाला वाढताना त्यांना कुणी बघितलं नव्हतं. भर हॉलमधून, पाट्यांवरच्या काकड्यांच्या मधून, ते दोन्ही हातांनी बशी धरून, तिच्यावरची नजर न काढता आले आणि ती त्यांनी मीराबाईंपुढे ठेवली.

"थर्मामीटर नाही घातला?" मीराबाईंनी विचारलं.

"समोर झाली. काय घालायचं?"

मीराबाईंनी वाटी संपवली. घाई न करता, मध्ये दोनदा थांबून, पण संपवली. तोवर पॅलेट क्लीन्ज़र, म्हणजे आधीची चव धुवायचा बर्फाचा गोळा, वितळून त्याचं सरबत झालं होतं. ते कुणी प्यायलं नाही.

निघताना यशदीप लिफ्टपाशी आला. त्याचा तो शिकवलेला चेहरा आता नव्हता. "सर, मेरे पे और हिरालाल भैया पे बात आएगी," तो म्हणाला. रामटेक्यांनी मेनूकार्ड मागून घेतलं, शेफच्या फोटोच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. मी स्वतःच्या मर्जीने व जबाबदारीने आत गेलो. आचारी हिरालाल व मॅनेजर यशदीप यांचा यात दोष नाही. सही, तारीख, पत्ता. मग तेच आणखी दोन कार्डांवर उतरवलं. "एक तुझ्या साहेबाले, एक तुले, एक माह्याजवळ. कोणी काही म्हटलं तर मले बोलावजो."

त्यांना कुणी बोलावलं नाही. हॉटेलकडून अश्विनला एक ईमेल आला. 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.' रामटेक्यांनी त्याला चार पानी उत्तर लिहिलं. त्यातला एक उतारा फक्त बारा मिनिटांबद्दल होता. उत्तराला उत्तर म्हणून पुन्हा तोच ईमेल आला. त्यावर ते आजही बोलतात, आणि तेव्हा मी त्यांच्या बाजूला असतो.

रविवारी संध्याकाळीच त्यांनी इडलीच्या भांड्यात पहिली वाटी केली. जपानी रसाच्या जागी कोंबडीच्या हाडांचं पाणी, गाळून. तिला जाळी पडली आणि भुर्जी झाली. दुसरी पाणचट झाली. तिसरी मीराबाईंनी अर्धी खाल्ली. सोमवारी तीन वाट्या झाल्या, त्यांतल्या अडीच पोटात गेल्या.

मंगळवारी दवाखान्यात नर्सनं मीराबाईंना काट्यावर उभं केलं.

"थांबा," रामटेके म्हणाले. "चप्पल काढ. शाल बी काढ."

"बाबा, रहने दो ना," अश्विन म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. चप्पल आणि शाल मिळून किती भरतात याचा हिशेब त्यानं मनात आधीच केला होता, आणि तो त्याच्या बाजूचा होता.

"खोटं वजन नाही पायजे."

"काढते," मीराबाई म्हणाल्या. त्यांनी चप्पल काढली, शाल शर्मिष्ठाकडे दिली, आणि एवढ्यावर न थांबता हातातली पर्सही दिली. मग भिंतीकडे बघत काट्यावर चढल्या. आकडे खालीवर होत राहिले. रामटेके वाकून बघत होते.

अडतीस किलो दोनशे ग्रॅम.

"कमी तर झालंच आहे," डॉक्टर कागद बघत म्हणाले. "पण शुक्रवारच्या मानानं फार नाही. नळी सध्या थांबवू. पंधरा दिवसांनी बघू. काय खाताय?"

"अंडं," मीराबाई शाल घेत म्हणाल्या. "हे करतात. थोडं कच्चं ठेवतात, पण शिकून जातील." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "अजून किती टाइम लागेल, डॉक्टरसाहेब? मले भूक लागून राहिली."